डास तुमचा, ताप शेजाऱ्याचा!

पेडणे-डिचोलीच्या वाड्यांपासून जगाच्या पाठीपर्यंत: रोग अडवणाऱ्या आणि न अडवणाऱ्या माणसांच्या चौदा गोष्टी

डेंग्यूचा डास काही लांबचा प्रवासी नाही. ज्या पिंपात तो जन्मतो, तिथून साधारण शंभर ते चारशे मीटरच्या आत त्याचं सगळं आयुष्य सरतं. म्हणजे तुमच्या लेकराला ताप देऊन गेलेला डास बहुधा तुमच्याच वाड्यावरचा! तो परसातल्या फुटक्या बादलीत वाढला असेल, शेजारच्या बंद घराच्या टाकीत किंवा समोरच्या गॅरेजातल्या टायरात.

म्हणूनच रोगप्रतिबंध ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. आलेला ताप डॉक्टर उतरवतात, पण ताप दारातच अडवायचा तर शेजारी लागतो. माणूस खबरदारी कधी घेतो आणि कधी टाळतो? भीती, लाज, रोजगार, श्रद्धा, भाषा, शेजारपाजार या सगळ्यांचा त्यात हात असतो. पेडणे, डिचोली आणि आसपासच्या मुलखात याचे नमुने पावलोपावली भेटतात. त्यातलेच हे काही, थोडे जुने, थोडे ताजे.

१. आपल्या मोडशीत फ्रेंचांना कुत्रा दिसला

आज घरात ‘मोडशी झाली’ म्हटलं की आजी सुंठ शोधते. पण हा शब्द एकेकाळी थरकाप उडवणारा होता. १५४३ साली गोव्यात पटकीची जबर साथ आली. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरेया याने तिचं वर्णन लिहून ठेवलं आणि इथले लोक तिला काय म्हणतात तेही नोंदवलं: ‘मोरिशी’. ही आपली मोडशीच! वीस वर्षांनी, १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाची चर्चा केली. पुढे पोर्तुगीजांच्या तोंडी शब्दाचं ‘मोर्देशीं’ झालं आणि फ्रेंचांनी त्याचं ‘मॉर द शियाँ’ करून टाकलं. अर्थ काय, तर कुत्र्याचं मरण!

गंमत बाजूला ठेवली तरी धडा उरतोच. सांगणारा एक बोलतो आणि ऐकणारा भलतंच समजतो, हे आजही घडतं. ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हटलं की गावात कुणी मान वर करत नाही. ‘माकडताप’ म्हणा, सगळे कान टवकारतात.

२. एक अख्खी राजधानी पाण्याने उठवली

जुनं गोवं हे एकेकाळी आशियातल्या नामांकित शहरांत गणलं जाई. आज तिथं चर्च उभी आहेत, शहर नाही. पटकी आणि हिवतापाच्या साथींमागून साथी येत गेल्या आणि लोक घरं सोडून निघाले. १७५९ साली व्हाइसरॉयनेही पणजीला मुक्काम हलवला. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

शहर बसलेलं होतं जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीवर. असा जांभा पाणी जिरवतो आणि पाण्याबरोबर घाणही खाली उतरवतो. मैला एका बाजूला आणि पिण्याची विहीर दुसऱ्या बाजूला असली तरी जमिनीखाली दोघांची गाठ पडते. पेडणे-डिचोलीतही पायाखाली जांभाच आहे. नवं शौचालय बांधताना गवंड्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, ‘शोषखड्डा आमच्या आणि शेजाऱ्याच्या बांयपासून किती लांब?’ बांय आपली असली तरी तिचा झरा सगळ्या वाड्याचा असतो.

३. देवी ‘आल्या’ की घराला आपोआप बंदी

ज्या रोगाने लाखो माणसं नेली, त्याला मराठीने देवीचं नाव दिलं. घरात देवी आल्या की फोडणी बंद, बाहेरच्यांचं येणंजाणं बंद, पथ्यपाणी कडक. कारण श्रद्धेचं होतं, पण रोगी घरातच राही आणि पाहुणे दारातूनच परतत. आजच्या भाषेत सांगायचं तर विलगीकरणच! भीती आणि भक्ती यांच्या मिश्रणातून आलेला नियम सगळे पाळत, कारण तो मोडणं म्हणजे देवीचा अवमान. सरकारी कागदावरच्या नियमाला हे बळ कुठून येणार?

हिंदुस्थानातली देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. लोकांनी या परक्या उपचारालाही आपल्याच शब्दांत ओढून घेतलं आणि ‘देवी काढणं’ हा वाक्प्रचार घरोघर रुळला. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला १९७५ साली. दंडावर देवीचा गोल व्रण असलेले काका-मामा आजही घराघरांत आहेत.

४. एक वर्ष, दोन रस्ते: रँड आणि हाफकिन

१८९७ साल. प्लेगने मुंबई-पुणं हादरलं होतं. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या कारभारात गोरे सोल्जर घराघरांत घुसले, माजघरं आणि देवघरं धुंडाळली, माणसं ओढून नेली. रोग आवरण्याचा हेतू लोकांपर्यंत पोचलाच नाही, पोचला तो अपमान. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी मुंबईत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारीला त्यांनी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, मग इतरांना दिली. आणि पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्चला गेल्या.

साथ तीच आणि सालही तेच. कुणाकडे पाहून लोक पुढे येतील, हे सांगायची गरज आहे का? लस घ्या म्हणणाऱ्याने आधी स्वतःची बाही वर करावी, हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा आहे.

५. म्हापशातले ६४ दिवस

१९८९ साली पर्रा गावचा तरुण डॉमिनिक डिसोझा रक्तदान करणारा एक चांगला माणूस म्हणून ओळखीचा होता. रक्त तपासलं गेलं आणि एचआयव्ही निघाला. पोलिसांनी त्याला नेलं आणि त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यावर बोट ठेवून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडलं. हात लावल्याने, बोलल्याने, शेजारी बसल्याने एचआयव्ही पसरत नाही. तरीही!

डॉमिनिक उच्च न्यायालयात गेला, बाहेर आला, इतर रुग्णांसाठी उभा राहिला. ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्याच्याच धडपडीतून उभी राहिली. १९९२ साली तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचला.

एका माणसाला कोंडलं की हजार माणसं तपासणीला घाबरतात. क्षय असो, कुष्ठ असो की एचआयव्ही, ‘लोक काय म्हणतील’ या आठ अक्षरी भीतीने जितके रोगी घरात दडवले, तितके जंतूंनीही दडवले नसतील. रोग्याचं नाव वाड्यावर फिरवणं थांबवलं तरी मोठं काम होतं.

६. स्वच्छ घराला डेंग्यू होत नाही? चूक!

हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज. ‘आमच्याकडे घाण नाही, मग डास कुठले?’ पण डेंग्यूचा एडिस डास गटाराच्या मागे लागत नाही. त्याला साठवलेलं, निवळशंख पाणी लागतं.

चित्र डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना, पेडण्यातला एखादा वाडा. अंगण शेणाने सारवलेलं, तुळशीसमोर रांगोळी, ओसरीवर पाट. आरोग्य कर्मचारी दारात येतो. आजी म्हणते, ‘आमचं घर बघ बाबा, आरसा आहे.’ तो हसून बॅटरी काढतो आणि न्हाणीजवळच्या पिंपात उजेड टाकतो. पाणी काचेसारखं आहे. उजेड पडताच पृष्ठभागावरच्या बारीक काळ्या रेषा वळवळत तळाकडे पळतात. आजी वाकून बघते. ‘हे काय रे?’ ‘आजी, हे उद्याचे डास.’ ती काही बोलत नाही. पदर खोचते आणि पिंप कलंडवते.

या आजीला भाषण ऐकवलं असतं तर तिने मान डोलावली असती. तिला अळी दिसली, म्हणून पिंप रिकामं झालं. कळणं आणि करणं यांच्यामधलं अंतर कधी कधी एका बॅटरीच्या उजेडाएवढंच असतं.

आणखी एक गोष्ट. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून पिंपाच्या कडा आतून घासायच्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायचा तो याच हिशेबाने.

७. कुळागरातही कप-बशा मांडलेल्या असतात

डिचोलीच्या कुळागरांत पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, नारळाच्या करवंट्या, उंदरांनी पोखरून टाकलेले शहाळ्यांचे तुकडे ही सगळी डासांसाठी मांडलेली भांडी. पलीकडे दोडामार्गात रबराच्या बागा आहेत, तिथे झाडाला बांधलेल्या चिकाच्या वाट्याही पावसात भरतात. एडिसच्याच कुळातला ‘एशियन टायगर’ डास अशाच जागा शोधतो. पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध पांढरी रेघ. दिवसा चावतो, म्हणून फक्त रात्री मच्छरदाणी लावली की निभावलं असं होत नाही.

उपाय अगदी साधा आहे. करवंटी उपडी करून ठेवा, वाटी पालथी घाला. पैसा लागत नाही, सवय लागते.

८. चवथीचा झाडू आणि आरोग्य खात्याचं कॅलेंडर

गोव्यात चवथीआधी घराचा कोपरान् कोपरा झाडला जातो. माळ्यावरची अडगळ खाली येते, परसातला पाचोळा उचलला जातो, माटोळी बांधायला जागा मोकळी होते. मुंबईहून, पुण्याहून कुटुंबाची माणसं मूळ घरी येतात आणि वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात.

आता महिना बघा. भाद्रपद म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, डेंग्यूच्या ऐन हंगामाच्या आसपास! रोगाच्या भीतीने जे घर कधी आवरलं जात नाही, ते गणपतीसाठी हौसेने आवरलं जातं. माणूस भीतीपेक्षा उत्सवाला लवकर उठतो. म्हणून चवथीच्या साफसफाईत तीन गोष्टी जोडून टाका: छपरावरची पन्हळ, मागच्या बाजूची टाकी आणि बंद शेजारघराची न्हाणी. बाप्पा येण्याआधी डासांचं विसर्जन!

९. हिवताप, सिमेंट आणि चिमुकला मासा

१९८६ च्या सुमारास पणजीत हिवतापाने डोकं वर काढलं. कारण सापडलं बांधकामांवर. स्लॅबवर सिमेंट मुरवायला साठवलेलं पाणी, उघड्या टाक्या, विहिरी. ॲनाफिलीस स्टेफेन्सी या शहरी डासाला हीच जागा आवडते. गोव्यात या डासाविरुद्ध अळ्या मारणारे जिवाणू आणि इथल्याच पाण्यात राहणारा ॲप्लोकायलस हा चिमुकला मासा वापरून पाहिला गेला. कांदोळी परिसरातल्या चाचण्यांवर शास्त्रीय निबंधही निघाले. औषधाची फवारणी करण्याऐवजी विहिरीत मासा सोडायचा, ही कल्पना लोकांना पटकन पटते, कारण मासा डोळ्यांना दिसतो.

हाच डास २०१२ साली आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि तिथून पुढे पसरत गेला. आज जागतिक आरोग्य संघटना त्याची काळजी करते. पणजी चार दशकांपूर्वी जे शिकली, ते आफ्रिकेतली शहरं आता शिकताहेत.

गोव्यात बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड काढावं लागतं आणि त्यासाठी रक्ततपासणी होते. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि पेडण्यात बांधकामांना वेग आला. इथे एक माणुसकीची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तापाने फणफणलेला मजूर कामावर येतो तो अडाणी म्हणून नव्हे. एक दिवस गेला तर एक मजुरी गेली, एवढा साधा त्याचा हिशेब आहे. त्याचा रोज कापला नाही तर तो पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाईल, आणि त्याचा ताप तुमच्या घरापर्यंत पोचणार नाही.

१०. पोटातली १४ इंजेक्शनं संपली, भीती मात्र राहिली

‘कुत्रा चावला? अरे बापरे, पोटात चौदा इंजेक्शनं!’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. प्राण्यांच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ साली बंद झाली. आता दंडावर चार-पाच टोचण्या पुरतात. लस बदलली, पण तिची दहशत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिली. त्या दहशतीपोटीच माणूस जखमेवर तिखट, चुना, हळद लावून घरी बसतो. हे अजिबात करू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट आरोग्य केंद्र गाठा. रेबीज एकदा अंगात उफाळला की त्यातून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

आणि आता अभिमानाची गोष्ट. २०१३ ते २०१९ या काळात गोव्यात ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि सरकार यांनी मिळून जी मोहीम चालवली, ती जगात गाजली. मोबाइलवरच्या नकाशाने पथकं गल्लीबोळांत पोचली. ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना संरक्षण, वर्षाला दीड लाख मुलांना धडे. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या महिन्याला होणाऱ्या नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि कुत्र्यामुळे होणारा माणसांमधला रेबीज त्या काळात थांबला. जून २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं.

यातलं खरं बळ शाळेतल्या मुलांचं. घरातल्या आजोबांना डॉक्टरांचं पटत नाही, पण चौथीतल्या नातीने ‘आजोबा, आधी साबण!’ म्हटलं की पटतं.

११. मेलेलं माकड म्हणजे निरोप

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि नंतर माणसं तापाने पडू लागली. त्या जंगलाचंच नाव रोगाला मिळालं. २०१५ साली हा माकडताप सत्तरीतल्या पाली गावात पोचला, २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात, पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात. डिचोलीच्या अगदी उंबऱ्याशी.

हा ताप पसरवते गोचीड. आणि तिचा हंगाम कोणता? डिसेंबर ते मे. म्हणजे नेमका काजूचा! बोंडं वेचायची, भट्टी लावायची, गुरांसाठी आणि भाजावळीसाठी पातेरा गोळा करायचा. सगळी कामं गोचिडीच्या वाटेवरची. ‘जंगलात जाऊ नका’ असं काजू बागायतदाराला सांगणं म्हणजे ‘वर्षभर जेवू नका’ सांगण्यासारखं. पाळता येईल असं सांगायला हवं: अंगभर कपडे घाला, अंगाला गोचीड प्रतिबंधक तेल लावा, पातेऱ्यावर बसू नका, घरी आल्याबरोबर गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडे धुवायला टाका.

वानर किंवा केलडं मेलेलं दिसलं तर हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी नव्या अंगाच्या शोधात आसपास पसरतात. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. तापकऱ्याच्या घरचं पाणी टाळण्याचं काहीच कारण नाही.

१२. चिखलात उतरणारी टाच

भातलावणीत बूट घालून कोण उतरतं? पाय रुततो, चाल मंदावते आणि शेजारणी हसतात. पण उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा जंतू भेगाळलेल्या टाचेतून आत शिरतो. म्हणून कोकणात शेतीच्या हंगामात आरोग्य केंद्रांतून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. पण कित्येक जण त्या घेत नाहीत, कारण ‘अजून काही झालं नाही’. प्रतिबंधाचं दुखणं हेच आहे. यश मिळालं तर काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही ते कुणाला दिसत नाही.

१३. करंगळीवरची शाई आणि सीमेवरच्या दोन व्यवस्था

पल्स पोलिओत दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करत. ती हिशेबासाठी होती, पण झालं काही वेगळंच. बाजारात, बसमध्ये, देवळात बायका एकमेकींच्या लेकरांच्या करंगळ्या बघू लागल्या. ‘अगो, तुझ्याला दिलं नाहीस?’ या एका प्रश्नाने जे काम केलं, ते कुठल्याही भित्तिपत्रकाने केलं नसतं. १३ जानेवारी २०११ ला भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण नोंदवला गेला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त घोषित झाला.

हे घरोघरचं काम कोण करतं ते बघायला आता गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर उभे राहा. पलीकडे बांद्यात ‘आशा’ ताई घरोघर जाते. २००५ पासून ही योजना देशभर पसरली, पण गोवा तिच्याबाहेर राहिला. इथे तेच काम परिचारिका, आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका करतात. व्यवस्था दोन, पण नाती एक. पेडण्याची लेक सावंतवाडीत दिलेली, दोडामार्गचा मुलगा डिचोलीत कामाला, आणि जिवावर बेतलं की सिंधुदुर्गचा रोगी गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात. डासाला आणि गोचिडीला नाका दिसत नाही. दोन्हीकडच्या आरोग्य केंद्रांनी एकमेकांचे फोन नंबर भिंतीवर लावावेत, एवढं तरी नक्की व्हावं.

१४. जिंकल्याची घाई

१९ एप्रिल २०२०. गोव्यातले कोविडचे सातही रुग्ण बरे झाले आणि राज्यात एकही रुग्ण उरला नाही. आनंद झाला, होणारच. पण मेच्या मध्यावर पुन्हा रुग्ण सापडू लागले, आणि २०२१ चा मे महिना इथल्या कित्येक घरांनी रडून काढला. संकट टळलं असं वाटलं की खबरदारी आधी गळते, हा माणसाचा स्वभाव आहे.

मग गोव्याने पंचायत-पंचायत गाठून लसीकरण केलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सगळ्या पात्र प्रौढांना पहिली मात्रा दिल्याचं जाहीर झालं. लस दूरच्या इस्पितळात न ठेवता वाड्याजवळच्या शाळेत आणली की लोक येतात, ओळखीची परिचारिका दिसली की भीती ओसरते.

जगानेही हेच पाहिलं आहे. निकाराग्वा आणि मेक्सिकोत ‘कामिनो वेर्दे’ नावाचा मोठा प्रयोग झाला. वस्त्यांना हुकूम दिले नाहीत. त्यांच्याच परसातल्या अळ्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. कुणी टाक्या धुतल्या, कुणी मासे सोडले, कुणी मुलांची पथकं केली. २०१५ साली निकाल आले, त्या वस्त्यांतल्या मुलांमध्ये डेंग्यूची लागण सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाली. कुठलंही नवं औषध नव्हतं. होती ती फक्त एकत्र बसून ठरवलेली गोष्ट.

आपल्याकडे एकत्र बसायच्या जागा कमी आहेत का? देवळातली महाजनांची बैठक आहे, चर्चचं आवार आहे, भजनी मंडळ आहे, महिला मंडळ आहे, शिगम्याचा मेळ आहे. दिवाळीनंतर जत्रांतून रात्र-रात्र दशावतार रंगतो, अख्खा गाव मोकळ्यावर बसलेला असतो. तिथे संकासुराच्या तोंडून पिंपातल्या अळ्यांची गोष्ट आली तर पोरंसोरंही ती घरी जाऊन सांगतील. ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणं घालताना ‘गावावर रोगराई येऊ देऊ नकोस’ असं आपण म्हणतोच. देवाने त्याचं बघावं. आपलं पिंप आपण बघावं.

या रविवारी, फक्त अर्धा तास

• पिंप, बादली, फुलदाणीची बशी, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा, कडा घासा.

• टाकीचं झाकण घट्ट बसतं का ते बघा, नसेल तर कापड बांधा.

• परसातल्या करवंट्या, विऱ्या, टायर उचला किंवा उपडे करा.

• वाड्यावरच्या बंद घराच्या मालकाला फोन करा. तो मुंबईत असला तरी त्याचा डास इथेच आहे.

• ताप आलेल्या मजुराला, मोलकरणीला, शेजाऱ्याला ‘आधी रक्त तपासून ये’ म्हणा, आणि त्या दिवसाचा रोज कापू नका.

• कुणाला काय आजार झाला ते चारचौघांत सांगू नका.

आणि हे सगळं झालं की शेजारच्या दारात जाऊन एवढंच विचारा, ‘तुमचं पिंप बघू का?’ पहिल्यांदा अवघड वाटेल. दुसऱ्या रविवारी तेच तुमच्या दारात येऊन विचारतील.